आधी जाडी, मग पोलाद

प्रश्न : गुहागरजवळ आमची छोटी आंबा-काजूची बाग आहे. नोकरी पुण्यात, त्यामुळे सुट्टी मिळेल तशी बागेत फेरी होते. अधूनमधून मित्रांबरोबर सह्याद्रीत ट्रेकही असतो. आजवर घडीचा चाकू वापरला, पण फणसाचा चीक आणि माशाचे खवले खाचेत अडकून तो आता धड उघडत नाही आणि धड मिटत नाही. म्हणून बिनघडीचा, म्यानात राहणारा एक छोटा चाकू घ्यायचा आहे. चौकशी सुरू केली तर जितकी माणसं तितके सल्ले. एक म्हणतो पाच मिलिमीटर जाड पातं हवं, दुसरा म्हणतो पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, तिसरा पोलादाचे नंबर ऐकवतो. बाबा म्हणतात, एवढा विचार कशाला, लोहाराकडून करून घे. नेमकं काय बघावं? आणि असा चाकू जवळ बाळगणं कायद्यात बसतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाच मिलिमीटरवाल्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. छोट्या चाकूच्या खरेदीत सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. जाड पातं हातात घेतलं की भक्कम वाटतं, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण नऊ-दहा सेंटिमीटर लांबीच्या पात्याला पाच मिलिमीटर जाडी देणं म्हणजे छिनीला मूठ बसवून तिला चाकू म्हणणं. धार कापायला फक्त सुरुवात करते. ती आत शिरल्यावर मागचं सगळं पातं त्याच चिरेतून पुढे सरकायला हवं. पात्याचं अंग जाड असेल तर ते चिरेच्या दोन्ही बाजू रेटत राहतं, आणि कापायला लागणारी ताकद वाढते ती इथे. धार वस्तऱ्यासारखी असली तरी हा रेटा कमी होत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. एक जाडजूड गाजर किंवा कडक कैरी घ्या आणि चाकू सरळ खाली दाबा. पातळ पातं शेवटपर्यंत आवाज न करता उतरतं. जाड पातं अर्ध्यावर पोचलं की ‘कट्’ असा आवाज येतो आणि उरलेला भाग तडकून फुटतो. हा आवाज आला की समजा, ते पातं चिरत नाही, फोडतं आहे. पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेला, दोन ते अडीच मिलिमीटर जाडी पुरे. तीनच्या पुढे छोट्या चाकूला काही कारण उरत नाही. पाठीपेक्षाही महत्त्वाची जाडी धारेच्या लगेच वरची. तिथे पातं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. चिमटीत धरून पाठीकडून धारेकडे बोटं सरकवलीत तरी अंदाज येतो : उतार सलग लागला तर ठीक, शेवटपर्यंत जाडच लागलं तर चाकू खाली ठेवा.

मग जाड पाती विकली का जातात? कारण जंगलात लाकडावर चाकू ठेवून वरून दांडक्याने ठोकायचा आणि ओंडका फोडायचा, अशी चित्रफितींतून दिसणारी एक रीत आहे. थंड देशांत ओल्या लाकडाचा आतला कोरडा गाभा काढायला अडीअडचणीला ती उपयोगी पडत असेल. तुमच्या घरी त्यासाठी कोयती आहे. कोकणातल्या घरात विळी असते, कमरेच्या आकडीला कोयती असते. मांडी घालून चिरायचं काम विळीचं, घाव घालायचं काम कोयतीचं. छोट्या चाकूने या दोघींची कामं करायची नसतात. त्याच्या वाट्याला उरतं ते हातातल्या हातात करायचं बारीक काम : खताच्या गोणीची शिवण उसवणं, ठिबकची नळी तोडणं, सुतळी, फळाचा देठ, कैरी कापून कोय बघणं, बांगड्याचं पोट उघडणं, ट्रेकला कांदा-टोमॅटो चिरणं. हे नीट डोळ्यांसमोर आणलंत तर निवडीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

लांबी या कामांवरूनच ठरते. फिनलंडच्या परंपरागत पुक्को चाकूचं पातं साधारणपणे तळहाताच्या रुंदीएवढं असतं, म्हणजे नऊ-दहा सेंटिमीटर. हे माप मला फार शहाणपणाचं वाटतं. एवढ्या पात्यावर मूठ न सोडता पकड पुढे सरकवता येते, टोक बोटांच्या ताब्यात राहतं आणि कांदाही चिरता येतो. सहा-सात सेंटिमीटरचा चाकू देठ कापायला छान, पण जेवण करताना तोकडा पडतो. बारा-तेराच्या पुढे गेलात की टोक कुठे आहे याचं भान हाताला राहत नाही. पाठ टोकाकडे जाताना किंचित खाली उतरलेली असावी. म्हणजे टोक मधोमध येतं, माशाच्या पोटात फार खोल घुसत नाही. पाठीवर करवतीसारखे दाते काढलेले असतील तर तो चाकू घेऊ नका. ते दाते लाकूड कापत नाहीत, पाठीवर अंगठा टेकवून जोर लावायची सोय मात्र घालवतात.

मुठीबद्दल लोक फारसं विचारत नाहीत, आणि मला याची खंत वाटते. पातं कितीही चांगलं असलं तरी पंधरा मिनिटांत तळव्याला रग लागली तर तो चाकू घरीच पडून राहणार. मूठ हाताच्या चारही बोटांना पुरेल एवढी लांब, आणि आडवी कापली तर अंडाकृती दिसेल अशी हवी. गोल मूठ हातात फिरते, चपटी रुतते. बोटांसाठी वेगवेगळ्या खाचा पाडलेल्या मुठी दिसायला हाताला बसतीलशा वाटतात, पण त्या खाचा कारागिराच्या बोटांच्या असतात, तुमच्या नव्हेत. शिवाय पकड बदलली की त्याच टोचायला लागतात. घेण्यापूर्वी मूठ सरळ धरा, उलटी धरा, अंगठा पाठीवर ठेवून धरा, धार स्वतःकडे वळवून फळ सोलताना धरतो तशी धरा. मासे साफ करायचे असतील तर ओल्या, साबण लागलेल्या हातानेही धरून बघा. मुठीच्या पुढच्या टोकाला छोटासा उंचवटा असला की ओला हात धारेवर घसरत नाही. तेवढा पुरे, तलवारीसारखी आडवी पट्टी छोट्या चाकूला नुसती अडचण होते. लाकडी मूठ मला स्वतःला प्रिय आहे. सागाची चालेल, शिसवाची त्याहून छान. पण कोकणच्या पावसाळ्यात रबरी किंवा प्लास्टिकची मूठ कमी कटकटीची, हे मान्य करायलाच हवं.

आता पोलाद मुठीत किती आत जावं हा वाद. मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्याच रुंदीची पट्टी गेलेली असेल तर चाकू अधिक दणकट होतो, यात शंका नाही. पण तो जडही होतो, आणि लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यात पाणी शिरलं तर गंज आतून सुरू होतो. दणकटपणा लागतो ठोकायला आणि उचकटायला, आणि ही कामं आपण मघाशीच कोयतीकडे दिली आहेत. पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या आत अर्ध्याहून जास्त गेलेली असेल आणि घट्ट बसलेली असेल तर छोट्या चाकूला तेवढं पुरतं. पुक्को पिढ्यान् पिढ्या असेच बनत आले आहेत. स्वीडनमध्ये डालार्ना प्रांतात मोरा नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारच्या ओस्टनूरमध्ये फ्रॉस्ट-एरिक एरसन यांनी अमेरिकेहून परतल्यावर १८९१ मध्ये लाकडं ओढायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि तिथेच चाकूही बनू लागले. आजचे मोरा चाकू त्याच परंपरेतले. त्यांचा एक साधा, प्लास्टिकच्या मुठीचा नमुना बघा : पातं दहा सेंटिमीटरांहून किंचित लांब, स्टेनलेस पोलादाचं, अडीच मिलिमीटर जाड, आणि शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत न जाणारी. सुतारांपासून मच्छीमारांपर्यंत सगळे तो वापरतात.

आणखी मागे जायचं तर १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात ओट्झटाल भागात बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाकडे बघा. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा चाकू होता, ॲश झाडाच्या लाकडाची मूठ, झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेलं म्यान. मुठीसकट लांबी साधारण तेरा सेंटिमीटर. डोंगरातून चालणाऱ्या माणसाने आपल्यासोबत काय न्यायचं हे इतक्या आधी इतकं नेमकं ठरवलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पोलादाचे नंबर ऐकून घाबरू नका. तुमच्यापुरता प्रश्न एवढाच आहे : गंजणारं की न गंजणारं? साध्या कार्बन पोलादात कार्बन साधारण ०.६ ते १ टक्का असतो. त्याला धार चटकन लागते, मनासारखी लागते, आणि लोहाराला ते घरच्या भट्टीत हाताळता येतं. पण कैरी, कोकम, लिंबू यांचा आंबटपणा त्याला लगेच काळं करतो. काळं पडणं वाईट नाही, उलट तो थर पोलादाला थोडंफार जपतोच. मात्र पहिले काही आठवडे कापलेल्या फळाला लोखंडाची चव लागते. खरा त्रास खाऱ्या हवेचा. समुद्राकाठी ओला ठेवलेला चाकू सकाळी तांबूस झालेला दिसतो. त्यामुळे गुहागरच्या बागेसाठी मी स्टेनलेस सुचवेन. स्वीडनचं १२सी२७ हे त्यातलं साधं, जुनं, भरवशाचं पोलाद : कार्बन सुमारे ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. तेही खाऱ्या पाण्याला अजिबात दाद देत नाही असं समजू नका. मासे साफ केल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसायला हवंच. डी२ नावाचं पोलाद अलीकडे बरंच दिसतं. त्यात क्रोमियम बाराच्या आसपास असतं, पण दीड टक्क्याच्या आसपास असलेला कार्बन त्यातलं पुष्कळ क्रोमियम स्वतःकडे बांधून ठेवतो, म्हणून ते गंजतंच. धार बराच काळ टिकते, पण गेली की परत आणताना नवशिक्याचे हात दुखतात.

एक धोका आपल्याकडे खास आहे. ताटं-वाट्यांचं स्टेनलेस वेगळं आणि पात्याचं वेगळं. भांड्यांचं स्टेनलेस तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवलं तरी कडक होत नाही, त्याला टिकाऊ धार लागूच शकत नाही. बाजारात स्वस्त सुऱ्या अशा पत्र्याच्याही मिळतात. खिशात छोटं चुंबक ठेवा. पात्याला ते चिकटलंच नाही तर ते पातं भांड्याच्या पोलादाचं आहे, घेऊ नका. चिकटलं म्हणजे मात्र पोलाद उत्तम, असा उलटा निष्कर्ष काढू नका, कारण चुंबकाला चिकटणारं पण कडक न होणारं पोलादही असतं.

नंबरापेक्षा जास्त फरक पडतो तो पाणी देण्याने. आणि इथे मी तुमच्या बाबांच्या बाजूने येतो. चांगला लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून उत्तम छोटा चाकू करून देऊ शकतो. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. ते चिवट असतं, म्हणूनच कोयते त्याचेच होतात. पातळ चाकूला किंचित जास्त कडकपणा हवा, पण पाणी नीट दिलं तर चालून जातं. पोलाद लाल करायचं, इतकं की चुंबक त्याला धरेनासं होतं. हे सुमारे ७७० अंश सेल्सिअसला होतं, आणि तिथून थोडं वर नेऊन ते तेलात बुडवायचं. या अवस्थेत ते काचेसारखं ठिसूळ असतं. मग पुन्हा मंद तापवायचं, दोनशे अंशांच्या आसपास, घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर वाळल्या गवताचा पिवळा रंग येईपर्यंत. निळा रंग आला तर तो चाकूसाठी पुढे गेला. ती मऊ, लवचीक अवस्था स्प्रिंगला चांगली. पुष्कळ ठिकाणी ही दुसरी पायरी घाईत उरकली जाते, म्हणून एकाच पाट्याचे दोन चाकू अगदी वेगळे निघतात.

लोहाराला द्यायच्या सूचना अगदी मोजक्या ठेवा. पाटा झिजून मोडलेला नको. वर्षानुवर्षं वाकून त्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. पाठीवर अडीच मिलिमीटर, हे कागदावर लिहून द्या, कारण कोयत्याची सवय असलेला हात आपोआप जाडी ठेवतो. आणि शेवटची धार यंत्रावर घासताना पातं सारखं पाण्यात बुडवायला सांगा. ग्राइंडरवर धारेला निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, आणि कितीही पाजळलं तरी तो भाग पुन्हा मऊच पडणार. चाकू हातात आल्यावर एक पितळी सळई आडवी धरा आणि धार तिच्यावर टेकवून हळूच दाबा. उजेडात धार किंचित वाकताना दिसेल. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर ठिसूळ. पोलादाचा नंबर माहीत नसला तरी ही परीक्षा खरं सांगते. म्हणून लोहारासमोर ती करायला संकोच बाळगू नका. चांगला कारागीर तुमच्यापेक्षा जास्त उत्सुकतेने बघत उभा राहील.

आंब्याची कलमं तुम्ही स्वतः बांधत असाल तर मात्र त्यासाठी वेगळाच चाकू ठेवा. कलमाचा काप एका ओढीत, सपाट यावा लागतो. म्हणून त्या चाकूंची धार बहुधा एकाच बाजूने उतरवलेली असते आणि ती फक्त कोवळ्या काडीसाठी राखायची असते. ज्या पात्याने बांगडा कापला त्याच पात्याने कोय कलम करू नये.

धार लावणं शिकल्याशिवाय कुठलाही चाकू घेऊ नका, अगदी लोहाराचाही नाही. पातं निवडताना उतार कसा दिला आहे तेही त्यामुळेच बघावं लागतं. मोरा आणि पुक्को यांच्या पात्याला मध्यापासून धारेपर्यंत एकच रुंद, सपाट उतार असतो. तो सबंध उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप बरोबर बसतो, म्हणून नवशिक्याला हा प्रकार सोपा. पाठीपासूनच उतरत आलेलं पातं भाजी-फळात जास्त सहज चालतं, पण धार लावताना कोन, प्रत्येक बाजूला साधारण वीस अंशांचा, हाताने सांभाळावा लागतो. दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक बारीक असा दगड घ्या. पाणी किंवा तेल लावून एका बाजूने घासत राहा; थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला धारेवर बोट आडवं फिरवलं की बारीक काटेरी कड लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदला. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने आलटून पालटून ओढा, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागे ठेवून उलटी ओढा, की ती कड निघून जाते. टोमॅटोच्या सालीत दाब न देता चाकू शिरला की झालं. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे विळी जरूर द्या, पण हा पातळ चाकू नको. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते.

राहिला कायदा. १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम यांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत मोडतात; घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचा दहा सेंटिमीटरचा चाकू त्या मापाच्या खूप आत आहे. पण सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीबरोबर चाकू-सुऱ्या बाळगण्यावरही बंदीचे आदेश निघतात, तेव्हा तो घरी ठेवा. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही.

ट्रेकचं मात्र तुम्ही गृहीत धरलं असेल त्यापेक्षा वेगळं आहे, आणि हे फार थोड्या ट्रेकरना ठाऊक असतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच चाकू येतो, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला कलम ३१ मनाई करतं. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत, वासोटा कोयना अभयारण्यात, भीमाशंकरचं जंगल तर अभयारण्यच. इथे कांदा घरून चिरून न्या. जो चाकू बागेत हक्काचं अवजार आहे तो वनरक्षकाच्या लेखी वेगळीच वस्तू ठरतो, आणि त्या जंगलातली शेकरं आणि बिबटे लक्षात घेता मला हा नियम रास्त वाटतो.

तेव्हा बागेसाठी माझी शिफारस अशी : रोजच्या धबडग्याला प्लास्टिक मुठीचा, दहा सेंटिमीटरच्या आतबाहेरचा, अडीच मिलिमीटर जाडीचा साधा स्टेनलेस चाकू. तो वर्षभर वापरून आपल्या हाताला काय हवं ते कळलं की मग बाबांना सोबत घेऊन लोहाराकडे जा.

याच विषयावर आणखी तीन पत्रं आली आहेत.

प्रश्न : कातड्याचं म्यान घ्यावं की प्लास्टिकचं?
उत्तर : घाटावर, कोरड्या हवेत, कातड्याचं. त्यात चाकू आवाज करत नाही आणि धारही घासली जात नाही. कोकणात आणि पावसाळ्यात प्लास्टिकचं, तळाला पाणी निथळायला भोक असलेलं. कातडं दमट हवेत ओलावा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. पितळी भाग हिरवे पडतात ते त्यामुळेच. म्यान कुठलंही असो, चाकू कायमचा साठवताना त्याच्या बाहेर ठेवा. पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. खोबरेल पोटात गेलं तरी अपाय नाही आणि ते जवसाच्या तेलासारखं सुकून चिकट होत नाही. फणस कापण्यापूर्वीही तेच लावा, चीक पात्याला धरणार नाही.

प्रश्न : लाटांसारखी नक्षी असलेली ‘दमास्कस’ पाती जालावर दिसतात. ती खरोखर चांगली असतात का?
उत्तर : ज्या पोलादामुळे हे नाव जगभर झालं ते आपल्या दक्षिण भारतातलं, मुशीत बनवलेलं, ‘वूट्झ’ म्हणून ओळखलं गेलेलं पोलाद. आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक मोठं केंद्र होतं. इराणचे व्यापारी तिथपर्यंत खरेदीला येत. त्याची नक्षी पोलाद सावकाश थंड होताना आतूनच उमटत असे. आज विकली जाणारी बहुतेक पाती वेगळ्या रीतीची : दोन प्रकारचं पोलाद थरांवर थर ठेवून भट्टीत जोडायचं, ठोकायचं, दुमडायचं आणि शेवटी आम्लात बुडवायचं. निकेल असलेला थर चमकदार राहतो, दुसरा काळवंडतो. काम सुंदर असतं आणि करणाऱ्याच्या हाताला मी मनापासून मान देतो, पण नक्षीमुळे चाकू जास्त चांगला कापत नाही. विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा : कोणती दोन पोलादं, पाणी कोणी दिलं, धारेच्या वर जाडी किती. उत्तर नुसतं थरांच्या संख्येचं आलं तर घेऊ नका.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी लाकडावर कोरीव काम करायचं म्हणते. तिला चाकू द्यावा का?
उत्तर : जरूर द्या, तुम्ही शेजारी बसणार असाल तर. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकात ऑटो सॉलोमन यांनी नेस इथे शाळांसाठी हस्तकलेचं शिक्षण उभं केलं, त्यात मुलांच्या हाती पहिलं अवजार म्हणून चाकूच दिला जाई. पातं सहा ते आठ सेंटिमीटर, मूठ तिच्या हाताला पुरेल अशी बारीक, मुठीच्या पुढे बोट अडेल असा उंचवटा, आणि टोक थोडं गोल केलेलं. धार मात्र पूर्ण हवी. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोराने निसटलेला चाकूच हात कापतो. मऊ लाकडापासून सुरुवात करा, पांगारा किंवा शेवरी मिळाली तर उत्तम. बसून कोरायचं, कोपर मांडीवर टेकलेले, काप नेहमी शरीरापासून दूर, आणि हात पसरला तरी पोचेल एवढ्या अंतरात दुसरं कुणी नको. उठताना चाकू म्यानात. पहिल्या दिवशी तिला नुसतं एका काडीला टोक करू द्या.